नावात ‘डाय’ कधी येते आणि कधी नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘कार्बन डायऑक्साइड’ बरोबर, पण मॅग्नेशियमच्या एका अणूमागे क्लोरीनचे दोन अणू असूनही ‘मॅग्नेशियम डायक्लोराइड’ चूक, असे तिला शाळेत सांगितले. शिवाय ‘फेरस’ आणि ‘फेरिक’ आहेतच. यामागे काही नियम आहे, की सगळे पाठच करायचे?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : नियम आहे. घटकांची नावे कळल्यावरही जे ओळखता येत नाही, तेवढेच संयुगाच्या नावात जादा सांगायचे.

मॅग्नेशियमचा अणुअंक 12 असून त्याचे इलेक्ट्रॉन संरूपण 2, 8, 2 असे आहे. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देऊन तो दोन धनप्रभार असलेला आयन होतो. क्लोरीन (2, 8, 7) मात्र एकच इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. त्यामुळे प्रभारांचा मेळ बसण्यासाठी एका मॅग्नेशियममागे दोन क्लोराइड लागणारच, आणि जे ठरलेलेच आहे ते नावात पुन्हा सांगण्याचे कारण उरत नाही.

कार्बन आणि ऑक्सिजन हे दोन्ही अधातू. ते इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात आणि एकाहून अधिक प्रमाणांत जुळतात. सोड्याच्या बाटलीतून फसफसतो तो डायऑक्साइड, तर पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत ज्याचे प्रमाण मोजतात तो मोनॉक्साइड. हा दुसरा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि जीवघेणा ठरतो, तेव्हा येथे संख्या गाळून कसे चालेल?

लोहाची अडचण निराळी आहे. तो धातू असला तरी त्याचे आयन दोन प्रकारचे असतात : दोन धनप्रभारांचा फेरस आणि तीन धनप्रभारांचा फेरिक. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लोहाच्या अनेक गोळ्यांवर ‘फेरस सल्फेट’ लिहिलेले असते. गंजात असतो तो फेरिक ऑक्साइड. मात्र ‘अस’ म्हणजे दोन आणि ‘इक’ म्हणजे तीन असे समीकरण मुलीला करू देऊ नका, कारण तांब्याच्या बाबतीत क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन. हे प्रत्यय फक्त कमी-जास्त सांगतात, नेमका आकडा नव्हे. म्हणूनच आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये सुचवलेली, धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा घालण्याची पद्धत मला अधिक स्वच्छ वाटते. तिच्यातही मुले एका ठिकाणी हमखास फसतात. ‘आयर्न (तीन) ऑक्साइड’मधील तीन हा लोहाच्या प्रत्येक आयनावरचा प्रभार आहे, अणूंची संख्या नव्हे. ऑक्साइडवर दोन ऋणप्रभार असल्याने या संयुगात लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन, असे प्रमाण बसते.

पाणी आणि अमोनिया यांची रूढ नावे मात्र या चौकटीबाहेरची आहेत; ती तेवढी पाठ करावी लागतील.