एका मंत्र्याचा घोटाळा, मग राजीनामा पूर्ण मंत्रिमंडळाचा का नाही?

तुम्ही विचारलंय की मंत्रिमंडळ जर सामूहिकरीत्या जबाबदार असतं, तर घोटाळा उघड झाल्यावर एकटाच मंत्री घरी कसा जातो आणि बाकीचे खुर्चीत कसे राहतात.

दोन्ही ठिकाणी शब्द ‘जबाबदारी’ हाच असला, तरी मंत्र्याला काढणारा हात वेगळा असतो. सामूहिक जबाबदारीत तो हात सभागृहाचा, वैयक्तिक जबाबदारीत पंतप्रधानांचा किंवा मुख्यमंत्र्यांचा.

आधी सामूहिक. केंद्रात राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) प्रमाणे मंत्रिपरिषद, म्हणजे सगळे मंत्री मिळून, लोकसभेला जबाबदार असते, राज्यात १६४(२) प्रमाणे विधानसभेला. राज्यसभा आणि विधान परिषद यात येत नाहीत, तिथे एखादं विधेयक पडलं म्हणून सरकार पडत नाही. लोकसभेत अविश्वास ठराव सभागृहाच्या कामकाजाच्या नियम १९८ खाली येतो. तो दाखल करून घ्यायला किमान ५० सदस्य उभे राहावे लागतात, कारण द्यावं लागत नाही. मात्र तो पूर्ण मंत्रिपरिषदेवरच असतो, एकट्या मंत्र्यावर अविश्वास मांडता येत नाही. एकट्यावर निंदाव्यंजक ठराव आणता येतो. त्यात कारणं लिहावी लागतात, आणि तो मंजूर झाला तरी सरकारला जावंच लागेल असा नियम नाही. विश्वासाचं मत मात्र निर्णायक. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला आणि ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता तेही मंत्री गेले. अर्थसंकल्पावरच्या कपात सूचनेचं वजनही असंच असतं. धोरणावरची कपात सूचना खात्याने मागितलेली खर्चाची रक्कम, म्हणजे मागणी, १ रुपयावर आणायला सांगते. ती मंजूर झाली तर रक्कम कोण मोजत बसतो, सरकारने बहुमत गमावलं असाच तिचा अर्थ.

सामूहिक जबाबदारीची दुसरी बाजू दाराआडची. बैठकीत हवं तेवढं भांडा, पण निर्णय झाला की बाहेर त्याची पाठराखण करा. जमत नसेल तर राजीनामा द्या. मराठी माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. लोकसभेतल्या निवेदनात त्यांचा एक आक्षेप असा होता की पंतप्रधानांनी मुंबईत ही घोषणा केली, त्याआधी हा विषय मंत्रिमंडळासमोर आलाच नव्हता. माझ्या मते हा मुद्दा राजीनाम्याहून मोठा आहे. जो निर्णय कधी चर्चेलाच आला नाही, त्याचं ओझं सगळ्यांनी का वाहायचं?

आता वैयक्तिक. मंत्री राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या ‘मर्जी’ने पदावर असतो, पण ती मर्जी चालते पंतप्रधानांच्या किंवा मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. जून २०२३ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपालांनी तिथले मंत्री सेंथिल बालाजी यांना मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय परस्पर बडतर्फ केलं आणि काही तासांतच तो आदेश स्थगित ठेवावा लागला. म्हणून विरोधक ‘मंत्र्यांनी राजीनामा द्यावा’ म्हणत असले तरी दाब खरा मुख्यमंत्र्यांवर असतो.

खात्यातल्या चुकीला मंत्री किती बांधील, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर मुंद्रा प्रकरणात मिळालं. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये घातले होते. व्यवहाराला आपली मंजुरी नव्हती, असं अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचं म्हणणं. चौकशी करणाऱ्या न्या. छागला यांनी ते उचलून धरलं नाही. खात्याच्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा त्यांचा निष्कर्ष. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले, नेहरू सरकार राहिलं. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री गेले, पण ते नैतिक पाऊल होतं, कायद्याने त्यांना कोणी भाग पाडलं नव्हतं. हे दोन राजीनामे एकाच माळेत ओवले जातात, ते चुकीचं.

एक गोष्ट हातात घेऊन पाहा, कुठलाही शासन निर्णय. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं आणि खाली सही उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. मंत्र्याची सही नसतेच. ब्रिटनमध्ये राजाच्या आदेशावर मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आपल्याकडे तशी तरतूद नाही. त्यामुळे निर्णय खरा कोणाचा हे शासन निर्णयावरून कळत नाही. माहिती अधिकारात अर्ज करताना नुसती आदेशाची प्रत मागू नका, नस्तीतली (फाइलमधली) टिप्पणीची पानं मागा, मंत्र्यांचा शेरा तिथे असतो. मंत्रिमंडळाचे कागद मात्र निर्णय होऊन विषय संपेपर्यंत मिळत नाहीत.

शेरा कोणाचा चालतो, हेही ठरलेलं असतं. खातं ज्याचं, निर्णय त्याचा. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या नोकरभरतीला सहकारमंत्र्यांनी दिलेली परवानगी मुख्यमंत्र्यांनी रोखली, तेव्हा मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती स्थगिती रद्द केली. कार्यनियमावलीत, म्हणजे सरकारी कामकाज कसं चालावं हे ठरवणाऱ्या नियमांत, मुख्यमंत्र्यांना दुसऱ्याच्या खात्यात असा हात घालायचा अधिकार दिलेला नाही, हे कारण.

आणि मंत्री सभेत काहीबाही बोलले तर? जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक बहुमताने सांगितलं की सामूहिक जबाबदारीचा आधार घेऊन मंत्र्याचं वक्तव्य सरकारच्या माथी मारता येत नाही, मग ते राज्यकारभाराशी निगडित का असेना.