माणसांबद्दलच्या बातम्या वाचून रोज खचायला होतं. तुम्ही आशा कुठून आणता?

तुम्ही लिहिलंय की अपघात झाला, मारहाण झाली तरी लोक नुसते बघत, शूटिंग करत उभे राहतात, आणि अशा बातम्या वाचून माणुसकीवरचा विश्वासच उडालाय. त्या उभं राहणाऱ्यांत मी एकदा होतो. म्हणून उत्तर देतोय.

२०१४ चा पावसाळा. ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे, संध्याकाळची वेळ. खड्ड्यात बाईक घसरून एक पोरगा पडला. मी स्कूटर बाजूला लावून धावत गेलो आणि दहा पावलांवर थांबलो. आधीच दहाबारा जण उभे होते. कुणीतरी म्हणालं, "हात लावू नका, पोलीस केस होईल." झालं, सगळे गप्प. माझ्या डोक्यात पोलीस स्टेशनच्या फेऱ्या, साक्षी, बुडणाऱ्या रजा. पोराच्या कानामागून रक्त येतंय आणि मी रजेचा हिशोब करतोय, हे अजून आठवतं.

तीनचार मिनिटं गेली असतील. फुटपाथवर भाजी विकणाऱ्या एक मावशी उठून आल्या, त्याच्याजवळ बसल्या, पदराने त्याचं रक्त दाबून धरलं आणि आमच्यावर ओरडल्या, "बघताय काय मेल्यांनो, रिक्षा थांबवा!" त्या एका शिवीने काय झालं देव जाणे. दोघांनी ट्रॅफिक अडवला. एका रिक्षावाल्याने पॅसेंजरला उतरवलं, तो पॅसेंजरही उचलायला आला. मी पोराची बॅग आणि चप्पल घेऊन मागोमाग हॉस्पिटलात गेलो. (असं पडलेल्या माणसाची मान शक्यतो हलवू नये, १०८ ला फोन करावा, हे मला नंतर कळलं.) पोरगा वाचला.

आता सांगा, दुसऱ्या मिनिटाला कुणी आमचा फोटो काढला असता तर मथळा काय आला असता? आणि सहाव्या मिनिटाला? माणसं तीच होती.

अशी दुसऱ्या मिनिटावर अडकलेली एक बातमी जगभर गाजली. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजारी बघत राहिले, हल्ला चालू असताना कुणी पोलिसांना कळवलं नाही, असं न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. त्यावर मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं पोसली गेली. प्रत्यक्षात बहुतेकांना काय चाललंय ते नीट दिसलं वा कळलंच नव्हतं, आणि एक शेजारीण जिना उतरून धावत गेली, किटीला कुशीत धरून बसली. आपली बातमी चुकीची होती हे त्याच वृत्तपत्राने २०१६ मध्ये मान्य केलं. बावन्न वर्षांनी!

२०१९ मध्ये काही संशोधकांनी वेगळं केलं. लोकांना प्रश्न विचारण्याऐवजी इंग्लंडमधलं लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण बघितलं. भांडणाच्या २१९ प्रसंगांत दहापैकी नऊ वेळा निदान एकजण तरी मध्ये पडला होता. गर्दी जास्त तर कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त.

वांगणी स्टेशनवरचा २०२१ चा व्हिडिओ तुम्ही बघितला असेलच. रुळावर पडलेल्या लहान मुलाला वाचवायला पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावले. मान आहेच, पण खरं सांगू? त्याने मला उभारी येत नाही. तसं धावणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मला बरं वाटतं ते त्या रिक्षातल्या पॅसेंजरमुळे. तेवढं मला जमेल.

क्रूर माणसं आहेतच, त्यांच्याबद्दल मला काही आशा नाही. मी बोलतोय ते भोवती थिजलेल्यांबद्दल. ती बहुतेक घाबरलेली असतात, आणि भीतीवर इलाज करता येतो. आमची पोलीस केसची भीती उगाच नव्हती. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने जखमींना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची जबरदस्ती नाही. माझ्या सोसायटीत विचारलं तर अर्ध्यांना हे ठाऊक नव्हतं. एक चिठ्ठी मराठीत टाइप करून लिफ्टमध्ये लावलीय. दोनदा कुणीतरी फाडली, तिसरी टिकून आहे.

मावशी अजून तिथेच बसतात. मध्यंतरी मेथी घेताना मी त्या दिवसाची आठवण काढली. पोरगा त्यांना धड आठवेना. गर्दीने कोथिंबिरीच्या जुड्या तुडवल्या आणि पैसे कुणी दिले नाहीत, हे मात्र चोख लक्षात होतं. मी पन्नासची नोट पुढे केली तर म्हणाल्या, "तेव्हाचा भाव वेगळा होता," आणि सुटे शोधायला लागल्या.