सहा मिनिटांचं भाषण आणि चाळीस पोरं

प्रिय बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आश्रमशाळेतल्या नववीला इंग्रजी शिकवण्यासाठी रोज एक प्रेरणादायी भाषण दाखवायचं तू ठरवलंस, २० भाषणांची यादीही केलीस. यादीतली भाषणं चांगली आहेत, पण रोज एक नको. पंधरा दिवसांत एक पुरे, आणि तेही सहा मिनिटांच्या वर नको.

टेड म्हणजे छोटी भाषणं भरवून त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर ठेवणारी संस्था. तिच्या मंचावर वक्त्याला जास्तीत जास्त १८ मिनिटं देतात. इंग्रजी येणाऱ्याला ती थोडी वाटतात. आपल्या पोरांना ती किती लांब असतात, हे मी पाहिलंय. शाळेत पहिल्यांदा प्रोजेक्टर आला तेव्हा मी नववीला एका बाईंचं अख्खं भाषण दाखवलं. वर्ग चिडीचूप. शेवटी पडद्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशा आमच्या पोरांनीही वाजवल्या. मला भरून आलं. मग विचारलं, बाई काय म्हणाल्या? कोणी बोलेना. मागच्या बाकावरचा एक जण उठला, "सर, बाई लय चांगल्या बोलल्या." कशाबद्दल रे? त्यानं मान खाली घातली. आपल्याला इंग्रजी येत नाही असं वाटणारा पोरगा होता तो, आणि माझ्या त्या तासानं त्याचं ते वाटणं आणखी पक्कं केलं. ते मला आजही सलतं.

म्हणून तुझ्या यादीत सगळ्यात वर विल्यम कामक्वाम्बा ठेव. आफ्रिकेतल्या मलावी देशातला मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा पोरगा. २००१च्या सुमारास तिथं दुष्काळ पडला, घरी फी भरायला पैसे उरले नाहीत, शाळा सुटली. तो वाचनालयात जाऊन बसायचा. तिथं ऊर्जेवरचं एक पुस्तक सापडलं, तेही इंग्रजी, आणि याला इंग्रजी नीट वाचता येत नव्हतं. मग त्यानं पुस्तकातल्या आकृत्या पाहिल्या आणि आकृतीच्या आजूबाजूचे शब्द त्या आकृतीवरून ओळखले. अशा वाचनावर चौदाव्या वर्षी पवनचक्की उभी केली. घरात आधी एक दिवा लागला, नंतर चार.

आता सामान बघ. ट्रॅक्टरचा पंखा, शॉकअब्सॉर्बर, पीव्हीसी पाइप, सायकलची फ्रेम, जुना डायनॅमो. मी फळ्यावर ही चित्रं काढली तेव्हा एक पोरगी म्हणाली, "सर, हे तं आमच्या वावरातलंच सामान हाय!" आणि पाचही नावं पोरांनीच सांगितली. डायनॅमो, पाइप, फ्रेम हे इंग्रजी शब्द आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. 'शॉकअप'चा 'शॉकअब्सॉर्बर' व्हायला दोन मिनिटं लागली. पहिल्या दिवशी एवढंच कर, व्हिडिओ लावूच नकोस.

दुसऱ्या दिवशी आवाज बंद ठेवून एक मिनिट दाखव आणि विचार, हा कशाबद्दल बोलत असेल? वऱ्हाडीत सांगू दे, चालतं. मग आवाज लाव, पण फक्त दीड मिनिटाचा तुकडा. एकदा नुसत्या कानानं, एकदा खाली इंग्रजी ओळी ठेवून. टेडच्या साइटवर भाषणाचा लेखी मजकूर असतो. त्यातल्या वाक्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ नेमका तिथं जातो. त्यातली आठ-दहा वाक्यं फळ्यावर लिही आणि काही शब्द गाळ. अवघड शब्द गाळू नकोस. पोरांना वाचता येतात पण बोलण्याच्या ओघात ऐकू येत नाहीत, असे 'वॉज', 'हॅड', 'टू' गाळ. आपली पोरं वाचून इंग्रजी शिकलीत, त्यांच्या कानावर ती पडलेलीच नाही. खरी अडचण तिथं आहे, आणि पाठ्यपुस्तकातून ती सुटत नाही. तिसऱ्यांदा लावशील तेव्हा गाळलेली जागा भरताना कान कसे टवकारतात ते बघ.

मराठी सबटायटल्सचं तू विचारलंस. स्वयंसेवक ती करतात, २००९पासून हे काम चालू आहे, आणि तुला स्वतःला तयारी करताना ती जरूर वापर. वर्गात शेवटी लाव किंवा लावूच नको. डोळे मराठी वाचायला लागले की कान बंद होतात. तुझ्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्याकडे नव्हती. तुझ्या वर्गात निम्मी पोरं कोलाम आदिवासींची. त्यांच्या घरी कोलामी बोलतात, मराठीच त्यांनी शाळेत येऊन शिकली. त्यांना मराठी ओळ म्हणजे सोपी ओळ, असं धरून चालू नकोस. तुकडा ऐकून झाला की दोघादोघांना त्यांच्या बोलीत पाच मिनिटं बोलू दे. वर्गात गलका होईल, होऊ दे. एकदा अर्थ लागला की इंग्रजी वाक्य लवकर बसतं.

कामक्वाम्बाचीच निवड का, ते सांगतो. त्याची दोन भाषणं आहेत आणि दोन्ही छोटीच. पहिलं २००७चं, टांझानियातल्या अरुशाचं. तिथं त्याला प्रश्न विचारले जातात, तो अडखळतो, काळ चुकतो, छोटी छोटी उत्तरं देतो. दुसरं २००९चं, ऑक्सफर्डचं. त्यात तो एकटा उभा राहून सगळी गोष्ट सांगतो, लोक हसतात, आणि मागच्या वेळी घाबरून आपली इंग्रजीच हरवली होती हेही सांगतो. ही दोन्ही पंधरा दिवसांच्या अंतरानं दाखव. मध्ये काही बोलू नकोस. मी दाखवली तेव्हा पोरांनी आपणहून विचारलं, "सर, हा तोच हाय ना?"

एक जपायचं. "बघा, त्यानं परिस्थितीवर मात केली, तुम्ही का नाही?" हे वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. आपल्या भागात कर्जापायी घरातला कर्ता माणूस गमावलेली पोरं वर्गात असतात. कोण ते तुला पहिल्या महिन्यात कळणारही नाही. दुष्काळाच्या भागावर 'तुमच्या घरी काय झालं' असा प्रश्न नको. पवनचक्कीवर विचार, डायनॅमोवर विचार.

त्यापुढच्या पंधरवड्यासाठी मॅट कट्स या तेव्हा गूगलमध्ये असलेल्या इंजिनिअरचं २०११चं भाषण घे. साडेतीन मिनिटांचं आहे. एखादी नवी गोष्ट तीस दिवस करून बघायची, एवढंच त्यात आहे. वाक्यं सोपी, भूतकाळ भरपूर. माझ्या वर्गानं तीस दिवस रोज एक ओळ लिहिली. एकानं एका रविवारी लिहिलं की आईसोबत १२ किलो कापूस वेचला. उठून वाचताना तो 'पिकेड' म्हणाला. मी भाषणातलं 'लुक्ड' पुन्हा लावलं. तो स्वतःशी पुटपुटला, 'पिक्ट, लुक्ट', आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पूर्ण वाक्य म्हणाला. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नाही.

आणि शेवटी पोरांनी बोललंच पाहिजे. रोज दोघांनी उठून एक-एक मिनिट, फळ्यावरच्या वाक्यांचा आधार घेऊन. बोलताना मध्ये थांबवून चुका काढू नकोस. लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी नावं न घेता फळ्यावर मांड. चाळीस पोरांना वीस दिवस लागतील. लागू दे.

तिकडे लाइनचा भरवसा नाही आणि रेंजही नसते, म्हणून व्हिडिओ यवतमाळला आलीस की मोबाइलमध्ये उतरवून घे. पडदा नसला तरी अडत नाही, आवाज मात्र हवा. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की मोबाइलचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही. माझा जुना स्पीकर कपाटात पडून आहे, चार्ज केला की चार-पाच तास चालतो. शनिवारी घरी येऊन घेऊन जा. आणि येताना तू गाळणार असलेले शब्द वहीत लिहून आण, दोघं मिळून बघू.

तुझे,
सर