वाचकांचे प्रश्न : ॲप तयार आहे, वापरणारे कुठून आणायचे?

प्रश्न : कपाशीच्या वेचणीचा आणि मजुरीचा हिशेब ठेवणारं मोफत ॲप बनवलं. एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय ॲप थेट फोनमध्ये टाकायची फाइल) गावातल्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. अंगठे भरपूर आले, वापरतात मात्र चौघंच. काय चुकलं?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : आधी एपीके पाठवणं थांबवा. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान अशा नावांनी फसव्या एपीके फिरतात, त्यातून लोकांचे पैसे गेलेत. तुमची फाइल न उघडणारे शहाणेच आहेत. ॲप प्ले स्टोअरवर न्या. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी घ्यावी लागते : किमान १२ जण, सलग १४ दिवस. गाडी इथेच अडते. चाचणीच्या यादीत ईमेल टाकला म्हणजे माणूस मोजला जात नाही; त्याने चाचणीची लिंक उघडून होकार द्यावा लागतो, तोही स्वतःच्या प्ले स्टोअरमध्ये चालू असलेल्या खात्यावरून. गावात बऱ्याच जणांचं खातं मोबाइल दुकानदाराने काढून दिलेलं असतं, ईमेल त्यांना ठाऊकच नसतो. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा. तिथे दिसेल तोच ईमेल उतरवून घ्या. मधेच कोणी बाहेर पडलं तर आकडा १२ च्या खाली जातो, म्हणून १८-२० जण धरा. १४ दिवसांनंतर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज, मग तपासणी. पोळ्याला सुरुवात केली तर सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेच्या आधी प्ले स्टोअरची लिंक हातात येईल. वेचणी अर्ध्यावर आल्यावर वही सोडून कोणी नवं काही धरत नाही.

नावाला ३० अक्षरं मिळतात. ‘कापूस वेचणी हिशेब’ असं सरळ नाव द्या. थोडक्यातल्या वर्णनाला ८० अक्षरं असतात; त्यात नेट नसतानाही चालतं हे लिहा, अर्थात खरोखर चालत असेल तरच. पहिल्या चित्रात काट्याची खरी वाटणारी नोंद दाखवा : ३८ किलो, दर १० रुपये, मजुरी ३८० रुपये. नुसता लोगो पाहून शेतकऱ्याला काहीच कळत नाही.

आता खरं काम. पाच घरं निवडा आणि संध्याकाळी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) काटा सुरू असताना तिथे हजर राहा. फोन त्यांच्याच हातात द्या, तुम्ही बोट लावू नका. अंधार पडत आलेला, बायांना घरी जायची घाई, काट्यावरचा माणूस किलो ओरडून सांगतोय. एका नोंदीला तीनपेक्षा जास्त टिचक्या लागत असतील तर तो वहीच काढेल. बोट कुठे अडतं ते टिपा. बहुतेक वेळा ते उचल कापण्यापाशी अडतं, कारण बनवणाऱ्याने फक्त किलो आणि दर धरलेले असतात. बाजाराच्या दिवशी चुकारा होतो, म्हणजे मजुरी चुकती केली जाते; तो पूर्ण ॲपवरून करून पाहा. डाउनलोड मोजू नका. दुसऱ्या बाजारालाही किती घरांनी हिशेब ॲपवरच केला, ते मोजा. पाचपैकी तीन घरं टिकली की मगच कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर क्यूआर कोड लावा. ग्रुपवर टाकायचं तर त्याच घरातल्या कोणाला तरी टाकू द्या.

प्रश्न : पाच तारे देणाऱ्याला रिचार्ज दिला तर चालेल का?
– एक वाचक, वणी

उत्तर : नाही. मोबदला देऊन घेतलेले तारे गुगलच्या नियमांत बसत नाहीत. अभिप्राय काढले जातात, ॲपही जाऊ शकतं. चुकारा बिनचूक निघाल्यावर ॲपमध्येच अभिप्राय मागा. कोणी एक तारा देऊन बेरीज चुकल्याचं लिहिलं, तर दुरुस्ती करून त्याच अभिप्रायाखाली उत्तर द्या.