गिटारसाठी अमेरिकेत यायचं म्हणतोस म्हणून

तू विचारलंस की पुण्यात ब्लूज वाजवतोस, कंपनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर पाठवतेय, तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवार गिटारचं काही होईल का. व्हिसाचं सगळं सरकारी साईटवर आहे, ते वाच. मी एकच सांगतो, एच-वन-बीवर ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करता येतं, बारमध्ये वाजवून पन्नास डॉलर घेतलेस तरी ते बेकायदेशीर. मला हे इथे आल्यावर कळलं.

मी अकोल्याचा, 2008 पासून नेब्रास्कात, लिंकनला. इथे 1973 पासूनचा झू बार आहे, ब्लूजचा, अरुंद, लांबट, तिथे मी मॅजिक स्लिम या ब्लूज गिटारवाल्याला ऐकलं. खरं नाव मॉरिस होल्ट, मिसिसिपीचा. पोरवयात कापसाच्या जिनिंगमध्ये करंगळी गेली, पियानो सुटला म्हणून गिटार धरली (आमचं घर जिनिंगच्या मागेच होतं, हे वाचून दोन दिवस डोक्यातून जाईना). 1955 ला शिकागोला गेला, तिथल्या लोकांपुढे टिकला नाही, गावी परत आला, भावांना बास न् ड्रम शिकवले आणि साठच्या दशकात पुन्हा शिकागो. 1994 ला लिंकनला राहायला आला. शिकागोच्याच बडी गाय या गिटारवाल्याएवढं नाव कधी झालं नाही, पण आपला टिअरड्रॉप्स बँड घेऊन रात्रीमागून रात्री बारमध्ये वाजवत राहिला, 2013 ला गेला तेव्हाही टूरवरच आजारी पडला होता.

तो हरून परत गेला आणि पुन्हा आला, हे मला फार लागतं रे. मी परतलोही नाही आणि मैदानात उतरलोही नाही. जॅमला, म्हणजे कोणीही येऊन सोबत वाजवायचं तिथे, फुकट वाजवायचो, बँडवाल्यांनी दोनदा गिग विचारला, दोनदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस, तो असतो, सवय होते.

पोरीच्या शाळेचं मात्र अजून डोक्यात जातं. फॉर्मवर घरची भाषा विचारली, आम्ही अभिमानाने मराठी लिहिलं, तर पोरगी इंग्लिश शिकणाऱ्यांच्या वर्गात, जी अकोल्यात इंग्लिश मीडियमला होती! बाहेर काढायला दीड वर्ष, परीक्षा, मीटिंगा, आणि तोवर ती घरी मराठी बोलायची बंद झाली. तू लिहिताना विचार कर, पण खोटंही लिहू नकोस, काय सांगू.

ग्रीन कार्ड 2021 ला आलं. आता पैसे घेऊन वाजवता येतं. गेल्या महिन्यात पहिला गिग केला, चौघं मिळून दोनशे चाळीस डॉलर, माझे साठ मी अजून खर्च केले नाहीत.

तुझं रेकॉर्डिंग पाठव.