अजिंक्यताऱ्यावर तुम्ही किती वेळा गेलात?

"इतक्या सुंदर ठिकाणी राहूनही मला आनंद का होत नाही?" परदेशातल्या विद्यापीठांच्या लहान गावांतून हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्यामागची ओढाताण एकदा सविस्तर मांडावी असे वाटले. ही हकिकत त्यांपैकी एका बाईंची आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती सांगत आहे.

त्या साताऱ्याच्या. शाळेत सहा वर्षे गणित शिकवल्यावर पतीच्या पीएच.डी.साठी कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरला गेल्या. हे शहर लाखभर वस्तीचे आणि सुमारे ५,४३० फुटांवरचे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही हजारेक फूट उंच आहे. पश्चिमेला फ्लॅटआयर्न्स नावाचे तिरपे कातळ अगदी गावाला लागून उभे आहेत. पतीचा दिवस प्रयोगशाळेत जाई आणि विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर पगारी काम करता येत नसल्याने यांचा दिवस घरात सरत नसे. आमचे बोलणे हिवाळ्यात त्यांच्या रात्री आठला, म्हणजे पुण्यात माझ्या सकाळी साडेआठला होत असे.

"मॅडम, मी कृतघ्न आहे का? आई फोटो पाहून म्हणते, स्वर्गात राहतेस. इथे सोमवारी जो भेटेल तो विचारतो, सुट्टीत कुठल्या डोंगरवाटेवर जाऊन आलात? मला चढताना दम लागतो. डिसेंबरात तर साडेचारच्या आधीच ऊन डोंगराआड जातं आणि घर खायला उठतं. मग मी स्वतःवरच चिडते."

यात दोन दुःखे एकमेकांत गुंतलेली होती. नोकरी सुटली, माणसे दूर राहिली, अंधार लवकर पडू लागला, हे पहिले दुःख खरे होते आणि ते समजावून घालवण्याजोगे नव्हते. दुसरे होते ते दुःख झाल्याचे दुःख. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे दुःखामागचे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीत, घडलेली असल्याने माझे कान नेहमी वाक्यातला 'च' टिपतात. "अशा जागी मी सुखी असलंच पाहिजे" या वाक्यातल्या 'च'वर आम्ही बरेच दिवस काम केले. स्वतःला दोष देणे पुष्कळ कमी झाले, पण दिवस रिकामाच राहिला. आठवड्यातून एकदा डोंगरवाटेवर जाण्याचा गृहपाठही मी दिला होता, आणि तो दर वेळी अर्धवट राहत होता. एका सकाळी मला उमगले, की गावकऱ्यांचा सोमवारचा प्रश्नच मीही त्यांना विचारत होते. मी तो बदलला.

"साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर तुम्ही किती वेळा गेलात?"

"चार-पाच वेळा असेन. तेही बहुतेक सहलीबरोबर."

"आणि तरी तो तुमचा वाटतो?"

"वाटतो म्हणजे काय! शाळेला निघाले की समोर असायचा. त्याच्यावर वळवाचे ढग टेकले की आई ओरडायची, वाळवण आत घ्या." बोलता बोलता त्या थांबल्या. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी त्याच्यावर जातच नव्हते. मी त्याच्या खाली काहीतरी करत असायचे."

इतक्या वर्षांच्या कामात एवढे नेमके वाक्य मी क्वचितच ऐकले आहे, आणि ते त्यांच्याच तोंडून आले याचे मला आजही समाधान वाटते. डोंगर आपलासा होतो तो त्याच्या पायथ्याशी आपली रोजची कामे चालतात म्हणून. चढून जाणे ही त्यापुढची हौस झाली. बोल्डरच्या नागरिकांनीही १९७१ साली मतदान करून इमारतींच्या उंचीला ५५ फुटांची मर्यादा घातली, ती रस्त्यावरून डोंगर दिसत राहावेत म्हणूनच. बसथांब्यावरून त्यांच्याकडे पाहणारा माणूसही त्या गावाचाच असतो.

त्यानंतर आम्ही सहलींचा विषय सोडला आणि कामे ठरवली. मंगळवारी व गुरुवारी ठरलेल्या वेळी ब्रॉडवेवरून धावणारी 'स्किप' बस पकडून त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या ग्रंथालयात जाऊ लागल्या आणि तिथे मुलांना विनामोबदला गणित समजावू लागल्या. या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, म्हणून डाळीला एक शिट्टी जास्त द्यायची, हे त्यांचे त्यांनी शोधून काढले. मी सर्वांना हेच सांगते, की नवनवी ठिकाणे पाहण्यापेक्षा एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा जा. चौथ्या-पाचव्या खेपेला समोरचा माणूस मान हलवतो आणि तिथून ओळख सुरू होते. पतीने सुट्टीचे बेत आखण्याऐवजी रोजचे एक काम सोबत करावे, आणि माहेरच्यांनी "मजा आहे बाई तुझी" म्हणण्याऐवजी "आज काय केलंस?" एवढे विचारावे. मात्र झोप आणि भूक दोन आठवडे हरपली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर अशा उपायांवर विसंबू नये. तिथल्याच डॉक्टरांना लगेच भेटावे.

मार्चमधल्या एका भेटीत मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, आज वारा पूर्वेचा आहे आणि कातळ पार ढगात गेलेत. रात्री बर्फ पडणार, म्हणून मी दुपारीच भाजी आणून ठेवली."