तंबाखूच्या पानापासून मण्यारीपर्यंत: मज्जातंतूंविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी शेतात आणि घरात प्रत्यक्ष उपयोगी पडतील अशी पत्रं निवडली आहेत. पहिल्या तीन उत्तरांत शरीरातली एकच जागा पुन्हा पुन्हा येते, म्हणून ती आधी सांगतो. मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी. मेंदूचा हुकूम विजेच्या रूपाने तंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सुटतं, पलीकडच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर बसतं आणि स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम येऊन ते रसायन तोडतं आणि स्नायू सैल पडतो. घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथी, हृदय, आतडी यांनाही याच रसायनातून निरोप जातात.

आमच्या धाकट्या जाऊबाई दिवाळीनंतर सकाळी तंबाखूचे शेंडे खुडायला जातात. दुपारी मळमळ, चक्कर, घाम, कधी उलट्या. त्या तंबाखू खात नाहीत, मिश्रीही लावत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात ऊन लागलं. थंडीत ऊन कसं लागेल? (निपाणी भाग)

ऊन नाही, निकोटिन आहे. ते पाण्यात विरघळतं. सकाळी दवाने भिजलेल्या पानावर ते उतरतं आणि ओल्या बाहीतून, कमरेला चिकटलेल्या ओल्या लुगड्यातून कातडीत शिरतं. तोंडात काही न घालताही माणूस तंबाखूने आजारी पडतो तो असा. काम सुरू केल्यावर काही तासांत, कधी संध्याकाळी किंवा रात्री लक्षणं दिसतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात.

निकोटिनची घडण ॲसिटिलकोलीनच्या काही रिसेप्टरवर बरोबर बसते. फरक एवढाच की ते एन्झाइम निकोटिनला तोडू शकत नाही. ते यकृतातून हळूहळू निकामी होतं, रक्तातलं निम्मं जायला सुमारे दोन तास लागतात. तोवर मेंदूतलं उलटीचं केंद्र आणि नाडी, घाम, आतडी सांभाळणाऱ्या तंतूंच्या गाठी डिवचल्या जातात. आणि भिजलेले कपडे अंगावर असेपर्यंत नवं निकोटिन आत जातच राहतं.

मिश्री लावणाऱ्या बायकांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांच्या मेंदूला रोजच्या निकोटिनची सवय झालेली असते. म्हणून जाऊबाईंना कुणी मिश्री सुरू करायचा सल्ला दिला, तर तो अजिबात ऐकू नका. एक-दोन दिवसांच्या बाधेवर जन्माचं व्यसन हा उपाय नव्हे.

त्रास सुरू झाला की शेताबाहेर या, कपडे बदला, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, थोडं थोडं पाणी प्या, सावलीत पडून राहा. पाणीही पोटात ठरत नसेल, ग्लानी येत असेल किंवा छातीत धडधड वाढत असेल तर दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना तंबाखूत काम केल्याचं आधी सांगा. ते सांगितलं नाही तर उन्हाचा झटका किंवा अपचन समजून औषध दिलं जाण्याची शक्यता असते. टाळायचं असेल तर दव वाळल्यावर कामाला लागा. रबरी हातमोजे आणि पुढून प्लॅस्टिकचा कागद बांधला तर बराच फरक पडतो. सुती हातमोजे नकोत, ते भिजून पोल्टिसासारखे हाताला बसतात. गरोदर बाईने आणि लेकरांनी ओल्या तंबाखूत उतरूच नये.

फवारणीची विषबाधा आणि ही बाधा यांतला फरक कसा ओळखावा? आमच्याकडे एक जण फवारताना अत्यवस्थ झाला, उपचाराने सुधारला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कोसळला. असं का व्हावं? (अथणी)

बाटलीवरच्या नावाच्या शेवटी ‘फॉस’ असेल, जसं क्लोरपायरिफॉस किंवा प्रोफेनोफॉस, तर ते औषध वर सांगितलेल्या एन्झाइमलाच निकामी करतं. उसाला पाणी पाजताना दारं मोडणारा माणूसच नसावा आणि एकाच सरीत पाणी तुंबत राहावं, तसं ॲसिटिलकोलीन फटीत साचत जातं. म्हणून सगळंच वाहू लागतं: डोळे, नाक, लाळ, घाम, जुलाब. लघवीवर ताबा राहत नाही. छातीत पाण्यासारखा कफ भरतो, नाडी मंदावते, स्नायू कातडीखाली वळवळताना दिसतात. घरच्या घरी पाहण्याजोगी खूण म्हणजे डोळ्याची बाहुली. ती टाचणीच्या टोकाएवढी झाली आणि तोंडाला लाळ-फेस असेल तर निदानाची वाट पाहू नका, गाडी काढा. नुसत्या पानाच्या बाधेत असं छातीत पाणी भरत नाही.

तिसऱ्या दिवशी कोसळण्याचं कारण असं. सुरुवातीची लक्षणं ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने आटोक्यात येतात, पण ॲट्रोपिन ग्रंथी आणि हृदयावरचे रिसेप्टर सांभाळतं, हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंचे नाही. सतत डिवचले गेलेले ते स्नायू साधारण 24 ते 96 तासांत थकून ढिले पडू शकतात. पहिली खूण मानेत दिसते: पेशंटला उशीवरून डोकं उचलता येत नाही. म्हणूनच ‘आता बरं वाटतंय, घरी सोडा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. दवाखान्यात रोज त्याला डोकं उचलायला सांगा. जमेनासं झालं तर लगेच नर्सला बोलवा, कारण यापुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते.

घटनास्थळी कपडे पूर्ण उतरवा आणि केस, नखं, कानामागची जागा धरून साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी घालावी. चामडी चप्पल आणि पट्टा फेकून द्या, चामड्यात मुरलेलं औषध धुऊन जात नाही. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. बाटली सोबत न्या.

पावसाळ्यात आमच्याकडे मण्यार चावल्याच्या घटना होतात. चावल्याची खूण नाही, सूज नाही, आणि पहाटे माणूस बोलेनासा होतो. हे कसं? (खानापूर)

मण्यारीचे दात बारीक असतात. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, बऱ्याचदा त्याला जागही येत नाही. नागाच्या किंवा घोणसाच्या दंशासारखी सूज येत नाही, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, घसा धरल्यासारखं वाटणं, इथून सुरुवात होते. मग पापण्या खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, आवंढा गिळता येत नाही, शेवटी छाती हलायची थांबते. पापण्यांना आणि डोळ्यांच्या स्नायूंना आधी फटका बसतो, कारण त्यांच्या फटीतल्या निरोपात फार राखीव ताकद नसते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र आल्या, तर खूण दिसो न दिसो, सर्पदंश धरूनच निघा.

मण्यारीच्या विषातला एक मुख्य घटक तंतूचं टोकच उद्ध्वस्त करतो. ॲसिटिलकोलीन सुटायची जागाच उरत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधून टाकतं, पण मोडलेलं टोक दुरुस्त करत नाही. ते शरीराला नव्याने उगवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. म्हणून प्रतिविष जितकं लवकर तितकं बरं, आणि श्वास थांबला तर काही दिवस व्हेंटिलेटर लागतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनच्या (ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला आवरणारं औषध) इंजेक्शनाने पापण्या उघडू शकतात, कारण तिथे टोक शाबूत आणि पलीकडचे रिसेप्टर अडलेले असतात. मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा धरता येत नाही.

एक गोष्ट प्रत्येक नातेवाइकाला माहीत हवी. असा पेशंट निपचित असतो, डोळे उघडत नाहीत, कधी बाहुल्यांनाही उजेडाचा प्रतिसाद नसतो. तरी त्याचा मेंदू जागा असू शकतो आणि त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याला गेलेला समजून श्वास देणं थांबवू नका. त्याच्याशी बोला, काय चाललंय ते सांगा.

दंश झालेला हात किंवा पाय फळी बांधून हलणार नाही असा ठेवा. करकचून दोरी नको, चिरा नको, चोखणं नको, मांत्रिक नको. 108 ला फोन करा आणि प्रतिविषासोबत कृत्रिम श्वासाची सोय आहे का, हे वाटेतच विचारून घ्या. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच प्रतिविष लागतं, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेलं नसतं. खाटेवर, कडा गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला बचाव.

भुईमूग भांगलताना दिवसभर उकिडवं बसल्यावर पाऊल घसटतं, अंगठा वर उचलत नाही. लकवा आहे का? (हुक्केरी)

बहुधा नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाची गोल गाठ हाताला लागते. तिला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. पाऊल आणि अंगठा वर उचलण्याचं काम त्याचं. तासन्‌तास उकिडवं बसलं की तो चिमटतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभे राहा, चार पावलं चाला. पाऊल घसटणं दोन-तीन दिवसांतही कमी झालं नाही, किंवा मधुमेह असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तोंड वाकडं झालं किंवा त्याच बाजूचा हातही गेला, तर तो वेगळा आजार आहे. तिथे एक तासही थांबू नका.

चटणीसाठी संकेश्वरी मिरचीचे देठ काढले की हात रात्रभर जळतात, आणि गरम पाण्यात घातले की जास्तच. (बेळगाव)

मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरवर बसतं, तो मुळात उष्णता ओळखणारा आहे. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे तो मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतो. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी तो 1997 मध्ये शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. कॅप्सेसिन बसलं की त्याचा उंबरठा खाली येतो, म्हणून कोमट पाणीही कढत लागतं. कातडी भाजलेली नसते, निरोप मात्र भाजल्याचाच जातो.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला गोडेतेल चोळा, ते पुसून काढा, मग साबण आणि गार पाणी. नखांच्या कडा विसरू नका, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं. तोंडात जळजळ असेल तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. आणि तिखटपणा बियांत कमी, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत जास्त असतो. तेव्हा देठ काढताना मिरची फाडू नका.